भामा ढवळारीण कोगनोळीच्या नाक्यावर

पनवेलच्या बाजारात भामा वालाच्या शेंगा विकायला बसायची ती पोटासाठी, आणि लग्नांत ढवळे गायची ती, तिच्याच शब्दांत, "नायतर लगीन लागत नाय म्हनून." आपट्यापासून उरणच्या खाडीपर्यंत आगऱ्यांच्या घराघरात तिला भामा ढवळारीण म्हणून ओळखत. मांडव उभा राहिला की पहिला मान तिचा. पाटावर बसून ती गाण्यातून गावदेवाला, कुळदेवाला, दोन्ही घरांतल्या गेलेल्या माणसांना आमंत्रण द्यायची आणि मगच कुणाचा हात हळदीला लागायचा. एका भटजींनी एकदा मुहूर्त जवळ आल्याची घाई केली, तर तिनं त्यांचंच नाव ढवळ्यात घालून त्यांना पाऊण तास ताटकळत बसवलं होतं. लोक हसून बेजार झाले. भटजी पुढे तिला बघितलं की आधी नमस्कार करत.

पण करोना आला आणि मांडवच उठले. लग्नं एक तर पुढे गेली, नाहीतर मोजक्या माणसांत चोरून केल्यासारखी उरकली. वर्षभरात भामाला दोनच बोलावणी आली. म्हणून २०२१च्या फेब्रुवारीत आपट्याची मनिषा बाजारात येऊन तिच्या टोपलीसमोर उकिडवी बसली, तेव्हा भामानं मास्क खाली ओढून तिच्याकडे नीट बघितलं.

"मावशी, प्रितमचं लगीन ठरलं."

"मंग? तुज्या हलदीला मीच व्हते. तुज्या पोराच्या हलदीला दुसरी कोन येनार? मांडव कंदी?"

"मांडव हिकडं नाय. निपानीला."

"कर्जतच्या पुडं हाय कं?"

"कर्नाटकात हाय, मावशी."

प्रितम कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर कारकून होता. नवरी मिताली नर्सिंग शिकायला इकडे आली होती, दोघांचं जमलं, आणि लॉकडाऊनमध्ये ती निपाणीला घरी परतली ती तिकडेच राहिली. तिची आजी अंथरुणाला खिळलेली. नातीचं लग्न माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच दारात, एवढा एकच हट्ट तिनं धरला होता. मनिषाला ते मान्य होतं, पण तिचाही एक हट्ट होता. ढवळारीण आपली.

"पन मावशी, हद्दीव रिपोर्ट बगतात. टेस्ट केल्याबिगर कुनाला सोडत नाय. नाकात काडी घालतात."

भामा साठी ओलांडून गेलेली. शेतात नाग निघाला तर ती त्याला "जा बाबा, तुज्या घरी जा" म्हणून वाट देणारी. पण नाकात काडी म्हटल्यावर तिनं शेंगांचा वाटा उगाच दोनदा मोजला.

"नाकाचा आनि लगनाचा संबंद कं?" ती म्हणाली. "बरं. येतंय."

मंगळवारी सगळं वऱ्हाड पनवेलला टेस्टला गेलं. वऱ्हाड म्हणजे नवरदेव धरून बारा माणसं. टेबलावरच्या माणसानं भामाकडे आधार कार्ड मागितलं. तिनं कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी जशीच्या तशी त्याच्या हातात दिली. त्या पिशवीत दोन कार्डं होती, एक तिचं आणि एक नवऱ्याचं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पण कार्ड टाकायचं तरी कुठे, म्हणून ते तिच्या कार्डाला चिकटून राहिलं होतं.

"नाव काय, आजी?"

"लिवलंय ना त्याव," भामा म्हणाली. तिचं सगळं लक्ष पलीकडच्या खुर्चीकडे होतं. तिथे निळ्या प्लॅस्टिकच्या पोशाखातली अनुष्का नावाची मुलगी एकेकाच्या नाकात काडी घालत होती आणि चांगले दांडगे पुरुष डोळे पुसत उठत होते. माणसानं वरचं कार्ड बघितलं, नाव, वय, आकडे उतरवले आणि पिशवी परत दिली.

अनुष्कानं भामाला बसवलं. "तोंड उघडा, आजी. आधी घशातून घेते."

"गल्याला हात नाय लावायचा. त्या गल्याव चार गावांची लगनं लागतात."

"बरं, मग नाकातूनच. मान वर. फक्त पाच सेकंद."

दोन सेकंदांतच भामानं काडीसकट अनुष्काचं मनगट धरलं. तिसऱ्या सेकंदाला ती इतकी जोरात शिंकली, की रांगेतली अर्धी माणसं रस्त्यावर गेली. दुसऱ्या खेपेला मनिषानं तिचे दोन्ही हात धरले, प्रितमनं डोकं धरलं, आणि भामानं मोठ्यानं गावदेवाचं नाव घेतलं. काम झालं.

"आजी, नाकातली मोरणी छान आहे हो," अनुष्का म्हणाली.

"तीच बाहेर आली असती आता," भामा म्हणाली आणि डोळे पुसत उठली.

बुधवारी रात्री बारा रिपोर्ट मनिषाच्या मोबाइलवर आले. तिनं एकेक उघडून एवढंच बघितलं, की खाली निगेटिव्ह लिहिलंय की नाही. सगळीकडे होतं. गुरुवारी भल्या पहाटे दोन गाड्या निघाल्या. पहिली मनिषाचा भाऊ दीपेश चालवत होता आणि भामा त्याच्या शेजारी पुढे बसली होती, कारण मागे बसलं की तिला मळमळायचं. घाट चढताना तिनं डोळे मिटले, साताऱ्याला चहा प्यायली, कोल्हापूरच्या पुढे दोन्ही बाजूंचा ऊस बघून म्हणाली, "येवढा ऊस खातं तरी कोन?"

दुपारी बाराच्या सुमाराला कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या थांबल्या. पुढे ट्रकांची ही लांब रांग. टेबल टाकून पोलीस बसले होते. कमानीसारखा एक फलक होता, त्याच्या पलीकडे पाट्यांवरची अक्षरं कानडी, गोल गोल झाली होती. एक उंच हवालदार पुढे आला. छातीवरच्या पाटीवर धर्मराज असं नाव.

दीपेशनं ते वाचलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, साक्षात धर्मराज उभा हाय. खरं बोला."

मनिषानं मोबाइल पुढे केला. धर्मराज एकेक रिपोर्ट बघून माणूस पडताळत होता. अकरा झाले. बाराव्याला तो थांबला.

"रामू कोण यातलं?"

मनिषानं मोबाइल परत घेतला, वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नाव भामाच्या नवऱ्याचं. वय अठ्ठ्याहत्तर. पुरुष. निगेटिव्ह.

"आज्जी, रामू तुमचे कोण?" धर्मराज अस्सल सीमाभागातलं मराठी बोलत होता.

भामानं पदर डोक्यावर घेतला. पन्नास वर्षं जे नाव तोंडातून काढलं नव्हतं, ते भर रस्त्यात, परक्या पोलिसासमोर कसं काढायचं? "आमचं मानूस," ती पुटपुटली.

"मग कुठं हाय?"

"वर."

धर्मराजनं मान वर करून गाडीच्या टपावर बघितलं. तिथे मांडवाचं सामान, पितळी परात आणि नारळाचं पोतं बांधलेलं होतं. तो टाचा उंचावून पोत्याच्या मागेही बघायला लागला.

"टपाव नाय, सायेब," दीपेश कसाबसा हसू दाबत म्हणाला. "आनखी वर. सहा वर्सं झाली."

धर्मराजला उलगडायला थोडा वेळ लागला. मग त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "म्हणजे मेलेल्या माणसाची टेस्ट केली?"

"काडी माज्या नाकात घातली," भामा उसळून म्हणाली. "मेलेला कशाला शिंकंल?"

"पण कागदावर तुम्ही नाही की, आज्जी. मला नाव लागतंय. हे तुमचे मालक, हे तरी तोंडानं सांगा. मी वर विचारून बघतो."

आता इलाज नव्हता. भामानं पदर नीट केला, घसा साफ केला आणि लग्नात घेतात तसं नाव घेतलं:

"कोगनोलीच्या नाक्याव गाड्यांची रांग,
रामूरावांना निगेटिव केला कोनी, सायेबा तूच सांग!"

मागच्या ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावरचे दोघे पोलीस उठून बघायला आले. धर्मराजही हसला, आणि टेबलावर जाऊन खरोखरच फोनवर पाच मिनिटं बोलला. परत आला तेव्हा मात्र मान हलवत आला.

"नाही जमत, आज्जी. चुकून सोडलं तर माझी नोकरी."

"देस येक हाय ना? मंग तुमच्या हद्दीत यायचा मना हक्क नाय कं?"

"हक्क आहे की. हक्क तुमचा, रिपोर्ट मालकांचा. दोन्ही एकाच माणसाचे पाहिजेत. कागलला दवाखान्यात नवीन टेस्ट करा, उद्या रिपोर्ट आला की या. मी स्वतः आत घेतो."

उद्या लग्न होतं आणि आज संध्याकाळी हळद. मनिषा रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागली. परत फिरावं तर नवरदेव मुहूर्ताला मुकणार. पुढे जावं तर हळद ढवळ्यावाचून. प्रितम म्हणाला, "आजी, तुम्ही मोबाइलवरून गा. आम्ही स्पीकर लावतो."

"मोबाइलात देव येत नाय," भामा म्हणाली.

ती गाडीतून उतरली. भर उन्हात तिनं आजूबाजूला बघितलं. रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, पाचटाचं छप्पर, चार बाकडी, आणि चरकाला घुंगरं बांधलेली. मालक आणि त्याची बायको दाराशी उभे राहून सगळा तमाशा बघत होते.

"गो मनिषा, रडं बंद कर," भामा म्हणाली. "मी तिकडं जाव शकत नाय. पन तुजा पोरगा अजून हिकडं हाय ना? हलदीला कुटं रिपोर्ट लागतो? हितंच लावू. नवऱ्याची उष्टी हलद नवरीला जातेच. डब्यात घालून न्या."

गुऱ्हाळवाल्याला विचारलं, तर त्याच्या बायकोनं आधीच बाकडी हलवायला सुरुवात केली होती. टपावरून परात उतरली. पाचटाच्या छपराला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. पाट नव्हता, तर ऊस ठेवायचा फळा धुऊन घेतला. प्रितमला त्यावर बसवलं आणि भामा त्याच्या समोर मांडी घालून बसली. मास्क काढावा की ठेवावा, याचा तिनं क्षणभर विचार केला, मग सगळ्यांना सहा हात लांब बसवलं आणि काढला.

तिचा आवाज वयानं जाड झालेला, पण सुरुवात अशी केली, की चरकाची घुंगरं हातात धरून गुऱ्हाळवाला जागच्या जागी थांबला. तिनं आपट्याचा देव बोलावला, पाताळगंगा बोलावली, प्रितमचे आजोबा-पणजोबा बोलावले. एवढ्या लांब त्यांना वाट सापडावी म्हणून घाट, सातारा, कोल्हापूर अशा सगळ्या खुणा सांगितल्या. रांगेतले ट्रकवाले उतरून आले. त्यातला एक कळंबोलीहून लोखंड भरून निघालेला होता. आपल्याकडचा आवाज ऐकून तो इतका खूश झाला, की त्यानं हॉर्न वाजवून दाद दिली. भामानं मान न वळवता पुढची ओळ घेतली:

"पयला मान देवाला, दुसरा मान मांडवाला,
तिसरा मान धर्मराजाला, रावला उभा नाक्याला."

पलीकडे टेबलाशी उभ्या असलेल्या धर्मराजला त्याचे सोबती कोपरानं ढोसायला लागले. त्यानं पाठ फिरवली, पण कान इकडेच होता.

चार वाजता वऱ्हाड हद्द ओलांडायला निघालं. नवरदेव कानांपर्यंत पिवळा. मनिषाच्या मांडीवर स्टीलचा डबा.

"यात काय आहे?" धर्मराजनं विचारलं.

"उष्टी हलद."

त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, बंद केलं. "हिला नाही लागत रिपोर्ट. जावा."

वऱ्हाड निघण्याआधी दीपेशनं भामाला कागलच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं. या वेळी तिनं आपलं एकच कार्ड काढून दिलं आणि लिहिणाऱ्याच्या मागे उभी राहून "बाईमानूस लिवलं ना?" असं तीनदा विचारलं. रात्री गुऱ्हाळवाल्यानं तिला आपल्या घरी झोपवलं. दुसऱ्या दिवशी साडेबाराला, मुहूर्ताच्या वेळी, तिनं अंगणात उभं राहून निपाणीच्या दिशेला अक्षता टाकल्या. गुऱ्हाळवाल्याच्या कोंबड्यांनी त्या वेचून खाल्ल्या, तेव्हा मात्र तिला थोडं वाईट वाटलं. लग्न लागलं असणार. आपण इथे.

रिपोर्ट चार वाजता आला. दीपेश गाडी घेऊन धावत आला. "मावशी, लगीन तर झालं. घरी सोडू की..."

"घरी?" भामा म्हणाली. "दोनदा काडी घातली नाकात. हद्द बगितल्याबिगर जात नाय मी."

नाक्यावर तिनं गाडी थांबवली आणि उतरून चालत निघाली. धर्मराजनं रिपोर्ट वाचला. भामा, स्त्री, निगेटिव्ह. त्यानं बाजूला होऊन हातानं वाट दाखवली. "या, आज्जी."

चार पावलं टाकून भामा थांबली, खाली बघितलं. "माती तर येकच हाय," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

मितालीच्या घरी पाहुणे पांगत होते. भामा थेट आतल्या खोलीत गेली, जिथे नवरीची आजी कृष्णाबाई पलंगावर पडून होती. ती तोंडानं करडी बाई. "हळदीला गाणारी तू का?" तिनं विचारलं. "नातजावयानं मोबाइलवर दाखवलं मला. आवाज बरा आहे. पण आमच्याकडे जात्यावर याहून चांगलं म्हणत."

"मंग म्हनून दाव," भामा म्हणाली आणि पलंगाजवळ जमिनीवर बसली.

कृष्णाबाईनं वर्षभरात बसतं होऊन जेवणसुद्धा केलं नव्हतं. तिनं मितालीला हाक मारून पाठीमागे दोन उशा लावून घेतल्या. दोघी रात्री जेवायची हाक येईपर्यंत आलटून पालटून गात राहिल्या. एकीची ओवी, दुसरीचा ढवळा. दारात उभी राहून मनिषा आणि मिताली, सासू आणि सून, पहिल्यांदाच एकमेकींकडे बघून हसल्या.

भामा तिथे तीन दिवस राहिली. दीपेशनं रोज सकाळी गाडी धुऊन तयार ठेवली आणि भामानं रोज सांगितलं, "आज नाय, अजून येक ओवी शिकायची हाय."

मांडव पुन्हा उभे राहायला लागले तशी भामाला बोलावणी येऊ लागली. आता तिच्या ढवळ्यांमध्ये मधेच एक वेगळ्या चालीची ओवी येते. जाणत्या बाया कान टवकारून विचारतात, "ही कुटली गो, भामा? आपली नाय वाटत."

"माजी मैतरीन हाय निपानीला," भामा सांगते, "तिची," आणि पुढची ओळ घेते.