निर्मलाबाईंचं शेवटचं कडवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि सुगतला तर नाहीच नाही. तुला सांगतोय, कारण तू त्यातलं कुणी नाहीस — आणि तू मला माफ करण्याचा प्रश्नच येत नाही.

आमचा तिघांचा बँड होता. मी गिटार, सुगत ढोलकी-हलगी, आणि फैजान, त्याच्या भाचीचा खेळण्यातला कीबोर्ड घेऊन. बजाजनगरात सुगतच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही एक छोटी रेकॉर्ड केली. पाच गाणी, सगळी मिळून चौदा मिनिटं. एका गाण्यात स्कूटरला मारलेल्या किका, एकात कव्वालीच्या टाळ्या आणि त्यावर किंचाळणारी गिटार, एकात नुसती पाण्याच्या जारची बुडबुड. पोरकटपणाच होता, पण मजा होती. ती मजा मी आता खोटी ठरवणार नाही.

त्यातलं चौथं गाणं तेवढं लोकांनी उचललं. ते माझं नव्हतं.

ते सुगतच्या आईचं, निर्मलाबाईंचं. वाळूजला एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटायच्या, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत बायकांच्या गायन पार्टीत गायच्या. गाणीही स्वतः रचायच्या. हे गाणं गमतीचं होतं. सकाळी कंपनीचा भोंगा आणि घरचा कुकर, दोघं एकदमच बोलावतात, तर बाईनं ऐकायचं कुणाचं? ‘भोंगा म्हणतो ये गं ये, कुकर म्हणतो थांब’ — असं सुरू व्हायचं. त्यांनी ते ओट्याशी उभ्या उभ्या म्हटलं आणि मी मोबाइलवर त्यांच्याच आवाजात टिपून घेतलं. मग मला जेवायला वाढलं. त्यांच्या घरी आपण जेवतो, याचं मला मनातल्या मनात कौतुक वाटायचं — बघ, मी कसा होतो ते.

गायन पार्टीत एक रीत असते. गाणं ज्याचं, त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. वेगळी सही लागत नाही, गाणं जिथं जाईल तिथं नाव सोबत जातं. निर्मलाबाईंचं शेवटचं कडवं होतं — ‘निर्मला म्हणे, नाव घ्या माझं, मगच वाढीन ताट.’

ते कडवं मी कापलं.

एका रविवारी दुपारी, लॅपटॉपवर, एकट्यानं. गाणं लांबतंय, असं मी स्वतःला सांगितलं. वीस सेकंदांनी! त्याच रेकॉर्डमध्ये जारची बुडबुड आम्ही चाळीस सेकंद ठेवली होती. मग खरं कारण काय? ते नाव आलं की गाणं त्यांचं व्हायचं. नाव गेलं की ते कुणाचंच नव्हतं, आणि जे कुणाचंच नाही ते माझं व्हायला कितीसा वेळ लागतो? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी.

सुगतनं विचारलं, आईचं नाव कुठंय? मी म्हणालो, फाइलच खराब झाली, शेवटचं उडालं. त्यानं एका शब्दानंही शंका घेतली नाही. आईला समजवायचं कामही त्यानंच केलं. निर्मलाबाई म्हणाल्या, “मंग परत म्हन्ते की. मला काय लई येळ लागतो व्हय?” मी म्हणालो, राहू द्या काकू, आता वेळ नाही. वेळ होता. रेकॉर्ड बाहेर यायला अजून पाच दिवस होते.

इथं थांबलो असतो तरी — पण नाही थांबलो. पुण्याहून एका मुलीचा फोन आला, ती संगीतावर लिहायची. त्या गाण्यातल्या बाई कोण, गाणं कुणाचं, असं तिनं विचारलं. मी तोंड वर करून सांगितलं, आवाज शेजारच्या एका काकूंचा, गाणं मात्र पारंपरिक आहे, सिल्लोडकडं आमच्या गावी माझी आजी म्हणायची. भोंग्याचं आणि कुकरचं गाणं, आणि म्हणे आजी म्हणायची! तिनं ते तसंच छापलं. ज्या आजीनं निर्मलाबाईंना उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, तिच्या तोंडी मी त्यांचं गाणं घातलं. हे बोलताना मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

सुगतनं ते वाचलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानं कधी विषय काढला नाही, मीही नाही. बँड पुढं आपोआप मोडला. शेवटच्या कडव्याची फाइल माझ्याकडं आहे. तेव्हाही चांगली होती, आजही आहे.

यंदा जयंतीला सुगतनं बोलावलं म्हणून गेलो. आईच्या पार्टीत आता ढोलकीवर तोच असतो. सूत्रसंचालन करणारी मुलगी माइकवर म्हणाली, आता एक जुनं पारंपरिक गाणं. आणि निर्मलाबाईंनी ते म्हटलं. भोंगा आला, कुकर आला, लोक हसले, टाळ्या पडल्या — आणि जिथं मी कापलं होतं, बरोबर तिथं त्या थांबल्या.

नंतर घरी मी विचारलं, काकू, शेवटचं का नाही म्हटलं? का विचारलं असेल मी? त्या सहज म्हणाल्या, “लोकायला तेवढंच माहीत हाय बाबा. फुडचं म्हनलं तर म्हंत्यात, हे तुम्ही जोडलं.”

सुगत शेजारीच बसला होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मग निर्मलाबाईंनी ताट वाढलं, आणि मी जेवलो.