पूजेचं पाणी

महानंदा मूळची निपाणीची. आयटीआय करून बेंगळुरूत आली आणि विमानांच्या हँगरात तंत्रज्ञ झाली. आयुधपूजेला तिथं पाने-हातोडे धुऊन मांडतात, विमानाच्या चाकांखाली लिंबं ठेवतात. यंदा एक छोटं विमान उत्तरेकडच्या बर्फाळ देशातून नुकतंच विकत आणलेलं होतं. त्याच्या शेपटीची डावी बाजू महानंदानं हौसेनं, फटीफटींत पाणी मारून धुतली. उजवी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन विद्याधर ते चाचणीला घेऊन गेले. वीस हजार फुटांवर विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा हलेना. दोन्ही हातांनी ढकलला, तरी नाही. इंजिनाचा जोर कमी करत ते कसेबसे खाली आले आणि उबदार हवा लागताच दांडा आपोआप मोकळा झाला.

हँगरात त्या दांड्याला जोडलेली शेपटीची पाती अलगद हलत होती. फटींत बॅटरी मारली तर सगळं कोरडं. काहीच सापडलं नाही, म्हणून पुन्हा उड्डाण ठरलं. उद्या, आणि नेणार विद्याधरच. ते महानंदाला हळूच म्हणाले, "अक्का, वर कुणीतरी पलीकडून धरून ठेवलं होतं. हाताला कळत होतं."

तिला जेवण गेलं नाही. पूजेत काही चुकलं का, हेच आठवत बसली. जोडीला काम करणाऱ्या गिरीराजनं थट्टा केली, "देवाला आंघोळ जास्त झाली, अक्का. वर थंडी वाजली असेल."

ती हसली नाही. फवारा घेऊन शिडीवर चढली, डाव्या फटीत पाणी मारलं आणि थांबली. बराच वेळ काही नाही. मग भिजवलेल्या डिंकासारखं काहीतरी फुगत, सावकाश बाहेर आलं.

बर्फ धरू नये म्हणून तिकडे विमानावर दाट द्रव फवारतात. तो फटीत वाळून बसतो, दिसत नाही. पाणी मिळालं की फुगतो, उंचावर गोठतो आणि पाती जखडतो. इथल्या हँगरात बर्फ कुणी पाहिलेलाच नव्हता.

"आपणच पाजलं त्याला," महानंदा म्हणाली.

विद्याधर खालून बघत होते. "सरी, ठीक आहे. उद्या उडायचं नाही."

तिनं शिडी उजवीकडे नेली. तिथं पूजेचं पाणी लागलंच नव्हतं. तिनं फवारलं. थोड्या वेळानं तीही फट भरायला लागली.

पूजा ती अजून करते. पण शेपटीला कोरडं फडकं लावते, आणि त्याआधी फटीत ओलं बोट घालून, काही फुगतंय का बघत, थोडा वेळ तशीच उभी राहते.