ओल्या दोरीने मोजलेली जमीन

तिबुर्सियो आल्वितरेची झोपडी लास गार्सास रँचच्या पूर्व टोकाला, ओढ्याच्या काठावर होती. ती रँचच्या हद्दीत येते की नाही, हे १८५४च्या उन्हाळ्यात ठरणार होतं. मेक्सिकोच्या अमदानीत राज्यपालाने दिलेल्या सनदेत लिहिलं होतं: ओकच्या झाडापासून ओढ्यापर्यंत, दोन लीग, कमीजास्त. आता राज्य अमेरिकेचं होतं. त्यांच्या मोजणीदाराच्या लोखंडी साखळीने दोन लीग, म्हणजे सुमारे पाच मैल, ओढ्याच्या आठशे पावलं अलीकडेच संपल्या. पुढचं सगळं सरकारजमा, तो म्हणाला.

जुनी मोजणी दोन घोडेस्वारांनी कातडी दोरीची टोकं धरून केली होती. त्यांतला तिबुर्सियो तेवढा जिवंत होता.

साक्षीच्या आदल्या दिवशी मालकीण दोन्या पेरफेक्तांनी त्याला बोलावलं. "ओढ्यापर्यंत गेलो, एवढंच सांग. दोरीचं काढू नकोस."

"आणि विचारलंच तर, बाईसाहेब?"

"तर जन्मात एकदा जीभ आवर. गाय हरवली तरी तू तिच्या आजीपासून सुरुवात करतोस."

दुसऱ्या दिवशी कोर्टात तिबुर्सियोने अंगठा आणि बोटाचा क्रूस करून त्यावर ओठ टेकले, शपथ घेतली.

"घोड्याने ओढ्यात तोंड घातलं, तेव्हाच थांबलो," तो म्हणाला.

"मग साखळीच्या दोन लीग ओढ्याच्या अलीकडेच का संपल्या?" कोर्टाच्या दुभाष्याने विचारलं.

तिबुर्सियोने हाताकडे पाहिलं. बोटं अजून तशीच जुळलेली होती.

"सकाळी दाट धुकं होतं. कच्चं चामडं भिजलं की लांबतं. आम्ही मात्र दर खेपेला पन्नास वारच धरत गेलो."

"दोरी वाळू का दिली नाही?"

"दुपारपर्यंत कोण थांबणार, साहेब? तिकडे मेजवानीचा बैल भाजत होता. आणि जमीन काय, संपतच नव्हती."

मागच्या बाकांवर लोक हसले. दोन्या पेरफेक्ता हसल्या नाहीत.

निकाल दोन लीगचा लागला, साखळीने मोजलेल्या. बाई त्याला रागावल्या नाहीत. आठशे पावलं अलीकडे त्याला जागा दाखवली आणि म्हणाल्या, "इथे बांध."

त्याने वासे उतरवले, बैलगाडीत घातले. पुढच्या वर्षी सरकारने ती जमीन विकली आणि ओढ्याला कुंपण घातलं गेलं. तो घागर घेऊन तिथे जायचा आणि नव्या मालकाची बायको दिसेपर्यंत बाहेर उभा राहायचा.