दस्तगीर वस्ताद आणि तालमीचा फलक

दस्तगीर वस्ताद कुस्त्यांच्या फडाला यायचे आणि फडाकडे पाठ करून बसायचे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा कुणावर तरी रुसला आहे. हौद्यात दोन गडी भिडलेले, सगळं गाव टाचा उंचावून बघतंय, आणि त्यातल्या एकाला ज्यांनी सहा वर्षं घडवलं ते मात्र गुडघ्यांना हातांची मिठी घालून समोरच्या चिंचेकडे बघत बसलेले. मधेच ते शांतपणे म्हणाले, "आता पट काढंल त्यो." आणि मागे खरोखरच धप्पकन आवाज होऊन लोक ओरडले. तुम्हाला न बघता कसं कळलं, असं मी विचारलं.

"पायाचा आवाज येतुया की, मास्तर. डोळं फसवत्यात. कान न्हाई फसवत."

मी सातारचा. दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा कडेगावाजवळच्या एका बाजारगावात शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून गेलो. माझी प्रकृती अशी की, श्वास भरून छाती काढली तरी सदरा सैलच राहायचा. कुस्ती म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं माझं ठाम मत होतं. वस्तादांनी पहिल्याच भेटीत माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि दूध पीत जा, म्हणजे रेघही सरळ येईल, असा सल्ला दिला. माझ्या रेघेला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो राग माझ्या मनात महिनाभर होता.

धंद्याने ते पिंजारी. पहाटे तालमीत पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या आणि दिवसभर घराच्या सोप्यात धनुकलीवर कापूस पिंजायचा. दाढीत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातच्या कापसाच्या गादीवर निजत आणि निम्म्या घरांतली पोरं त्यांच्या हाताखाली घुमत. लिहिता-वाचता त्यांना बिलकूल येत नव्हतं. पोराच्या तयारीचं कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "बळ म्हशीचं, जिद्द त्याच्या आईची. माझी नुसती माती हाय त्यात."

शिस्त मात्र कडक. एकदा त्यांच्या एका पठ्ठ्याने कुस्ती मारली आणि हरलेल्या गड्यापुढे दंड थोपटत नाचला. फड उठल्यावर वस्तादांनी त्या हरलेल्या गड्याचं गाठोडं उचलून आपल्या पठ्ठ्याच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवून यायला सांगितलं. चांगली तीन कोसांची वाट. पोरगा परत आला तो त्या गड्याचा दोस्त होऊनच. पुढे त्याच घरातली मुलगी त्याने केली, हा भाग निराळा.

माझ्या आळीत पारूबाई पवार राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा शिदू पलटणीत होता. त्याची पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पहिली पत्रं दुसऱ्या कुणाच्या हातची असत. पुढे तो तिकडे मराठी लिहायला शिकला आणि स्वतःच्या अक्षरात लिहू लागला. अक्षर कसलं, नांगर आडवा गेल्यासारख्या ओळी. त्यात म्हशीची चौकशी असे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची असे, गावाबाहेरच्या विहिरीला पाणी किती आहे तेही विचारलेलं असे.

पत्र आल्याचा सुगावा वस्तादांना कसा लागे कोण जाणे. मी ओट्यावर बसून वाचायला लागलो की ते हजर. कधी पारूबाईंची गोधडी बघायला म्हणून, कधी उगीच पाणी मागायला. शेवटची ओळ वाचून मी कागदाची घडी घातली की हळूच विचारायचे, "आनि काय न्हाई लिवलं?" आणखी काही नसे. शिदू हा वस्तादांचा सर्वांत लाडका पठ्ठा होता, हे मला गावाने सांगितलं होतं. त्याच्या एकाही पत्रात वस्तादांचं नाव नव्हतं. पारूबाईही त्यांना पाणी द्यायच्या, पण बसा म्हणायच्या नाहीत.

लढाई संपली आणि गावाला हुरूप आला. तालमीत एक मोठा फलक लावायचा, आणि गावच्या जत्रेत ज्यांनी मानाची कुस्ती मारली तालमीतल्या त्या सगळ्या पैलवानांची नावं त्यावर लिहायची, असं पंचमंडळींनी ठरवलं. सर्वांत वर वस्तादांचं नाव. रंगवायचं काम अर्थात माझ्याकडे. नावं अकरा भरली. मी सागवानी फळी घासून, काळा रंग देऊन, पांढऱ्या रंगाने वस्तादांचं नाव काढायला घेतलं आणि वस्तादांनी माझं मनगट धरलं.

"माझं नाव न्हाई लिवायचं. शिदूचं लिवा."

मंडळींनी समजावलं. शिदू गुणाचा गडी होता, कबूल, पण मानाच्या कुस्तीत तो हरला होता. ती त्याची एकच मानाची कुस्ती, आणि ती हरल्यावर तिसऱ्या दिवशी तो साताऱ्याला जाऊन भरती झाला. हरलेल्याचं नाव कसं लिहिणार? तेव्हा वस्ताद हौद्याच्या कडेला उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर बोलले. मी तिथेच होतो, हातात ब्रश वाळत होता.

त्या वर्षी नेमलेला पंच आजारी पडला. शिदूच्या जोडीचा गडी पलीकडच्या गावचा. दोन्ही गावांनी एकमुखाने सांगितलं की, पंच दस्तगीर वस्तादांनाच करा, ते पठ्ठ्याची बाजू घ्यायचे नाहीत. त्या बोलण्याने वस्ताद फुगले. हे त्यांचेच शब्द. पठ्ठा हौद्यात उतरताना मातीने भरलेले दोन्ही तळहात त्याच्या पाठीवर, खांद्यांपाशी मारायचे, ही त्यांची नेहमीची रीत. पंच झाल्यावर ती मोडायला हवी होती. पण हात सवयीने उठले आणि शिदूच्या पाठीवर पडले. कुस्ती लागली तशी क्षणात संपली. दोघं एकदम कोसळले, धुरळा उडाला, कोण खाली गेलं हे कुणालाच धड दिसलं नाही. निम्मं गाव चीत म्हणतंय, निम्मं नाही म्हणतंय. वस्तादांनी शिदूला उठवून पाठ पाहिली. बाकी पाठ कोरडी, स्वच्छ, आणि नेमकी दोन्ही खांद्यांवर माती, म्हणजे खांदे टेकले. आपला म्हणून सोडला असं कुणी म्हणायला नको, या धास्तीने त्यांनी दुसऱ्याची पाठ पाहिलीच नाही. समोरच्या गड्याचा हात वर केला आणि मानाचा फेटा त्याला मिळाला.

"दिस मावळायच्या वक्ताला शिदू हिरीवर आंग धुवाय वाकला. पारूबाई पानी वतत हुती. तवा दिसलं मला. दोन पंजं हुतं पाठीवर, पाचीच्या पाची बोटं. माझंच. आन मी गप बसलो." मग म्हणाले, "चूक झाली ती झाली. पर मी गप बसलो."

पाठ करून बसण्याचं कोडं मला त्या दिवशी उलगडलं. मंडळींपैकी एकाने चिडून विचारलं की, हे इतक्या वर्षांनी सांगताय, पलीकडच्या गावाला आता काय तोंड दाखवायचं? वस्ताद आदल्या दिवशीच तिकडे चालत जाऊन त्या गड्याला सांगून आले होते. त्याने त्यांना भाकरी वाढली आणि म्हणाला, त्यो फेटा कवाच इरला वस्ताद, तुमी निवांत जेवा. मग आमच्या मंडळींनीही होकार दिला. बारावं नाव मी लिहिलं: शिदू पवार. वस्तादांनी आपलं नाव मात्र लिहू दिलं नाहीच. मी दोनदा विषय काढला, दोनदा ते उठून गेले. फलकाच्या माथ्यावर मोकळी जागा राहिली. मला ती बोचायची, कारण त्यामुळे सगळी मांडणी बिघडली होती.

शिदू पुढच्या उन्हाळ्यात पलटणीतून सुटून आला. घरी ट्रंक टाकून तो थेट तालमीत आला. मी फलकाची किनार रंगवत होतो, वस्ताद माती चाळत होते. रुंद हाडाचा, काळवंडलेला गडी. उंबऱ्याला हात लावून आत आला आणि फलकासमोर उभा राहून एकेक नाव वाचू लागला. वस्ताद चाळण ठेवून उठले.

"शिदू, त्या दिशी माझी चूक झाली. कळल्यावरबी मी बोललो न्हाई."

शिदूने फलकावरची नजर काढली नाही. "ठावं हाय मला," तो म्हणाला. "आईनं पानी वततानाच सांगितलं हुतं, वस्तादचं पंजं हायती म्हनून. मी तीन दिस वाट बघितली, वस्ताद. कुस्ती गेल्याचं काय न्हवतं. तुमी याल, येक शबुद बोलशीला, म्हनून वाट बघितली."

वस्तादांनी मान खाली घातली. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दार शिदूच्या पलीकडे होतं. मग त्याने माझ्यापुढे हात केला आणि ब्रश मागितला. एरवी माझा ब्रश मी हेडमास्तरांनाही देत नाही. तो फलकापाशी गेला आणि स्वतःच्या नावापुढे, जीभ दातांत धरून, लिहू लागला. ओळ चढत गेली, एक काना दुसऱ्या अक्षरावर पडला, रंग ओघळला. वस्ताद माझ्याजवळ सरकले.

"काय लिवतुया त्यो, मास्तर?"

आमच्या भागात पैलवान हौद्यात उतरला की पुकारणारा आधी त्याचं नाव घेतो आणि मग तो कुणाचा पठ्ठा ते सांगतो. त्याशिवाय नाव पुरं होत नाही. मी मोठ्याने वाचलं, "शिदू पवार, दस्तगीर वस्तादांचा पठ्ठा."

खांद्यावरच्या पंच्याने वस्तादांनी तोंड पुसलं, आणि मग चाळणीतली माती पुन्हा चाळायला बसले. शिदूने सदरा काढून खुंटीला अडकवला आणि त्यांच्यासमोर बसून तोही माती चाळू लागला.

ही बातमी आठवडाभरात पसरली आणि उरलेले पैलवान, कुणाचे केस पिकलेले, कुणाचं पोट सुटलेलं, माझ्या दारात येऊन उभे राहिले. आमच्याही नावापुढे लिहा म्हणाले. वस्ताद माझ्यावर चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, पण मी लिहिलं. शिदूची वाकडी ओळ मी पुसली नाही. माझ्या हाताने सगळ्या जिल्ह्यात पाट्या रंगवल्या, त्या ओळीला हात लावायची माझी छाती झाली नाही. तीन वर्षांनी वस्ताद गेले. त्यांना खांदा द्यायला पलीकडच्या गावचा तो गडीही आला होता. फलकाचा माथा आजही मोकळाच आहे, आणि खाली बाराही नावांपुढे त्यांचं नाव आहे.