चर्चसमोरचा बिगुल

या पोरांच्या ड्रम-बिगुल पथकाला मोठा इतिहास आहे म्हणे. मी अमेरिकेत ईडन प्रेरी गावी लेकाकडे राहतो आणि नात त्या पथकात आहे, म्हणून तो मला तीनदा ऐकावा लागला. लढाईवरून परतलेल्या सैनिकांनी गावातली पोरं जमवली, हातात बिगुल दिले, चालायला शिकवलं. झाला इतिहास. पुढे बिगुलाला एक बटण आलं, मग दोन, आता तीन. बटणं दाबून सूर काढायला काय छाती लागते? मी चौथी नापास, पण जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीच्या बँडात नुसत्या ओठांवर बिगुल वाजवलाय.

लेकाला ते कधी खरं वाटलं नाही. "आबा बँडापुढे बत्त्या धरत असतील," असं नातीला सांगायचा. यंदा परेडमध्ये जुन्या वाजवणाऱ्यांची रांग निघणार होती, तेव्हा खरं-खोटं करायला नातीने माझं नाव दिलं. पथकाच्या काचेच्या कपाटातला बिनबटणाचा बिगुल माझ्याकडे आला. रांगेतले गोरे म्हातारे पोट आवळून निघाले आणि दुसऱ्या चौकात धापा टाकायला लागले. त्यांच्यात कसली रग.

चर्चपाशी सगळं वाजवणं एकदम थांबलं. नुसती एक काडी ड्रमच्या कडेवर, टक, टक. माझं डोकं फिरलं. आमच्या गावात पाटलाच्या दारासमोर बँड असाच बंद करायला लावायचे. मी बिगुल तोंडाला लावला आणि चर्च मागे पडेपर्यंत खाली घेतला नाही.

परेड संपल्यावर पथकाच्या मास्तरने बिगुल काढून घेतला. गाडीत नात तोंड फुगवून बसली.

"आबा, तिथे कुणी बंद करायला लावत नाही. आत प्रेयर चालू असते. इट्स रिस्पेक्ट. जुना रूल आहे आमचा."

"तुमच्या इतिहासात हे कुठे सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकत नाही. सॉरी म्हणा त्यांना, नाहीतर पुढच्या वर्षी नाव देणार नाही."

"नको देऊस. मी पाटलाला म्हटलं नाही, यांना कशाला म्हणू?"

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे तिथेही वाजवलात?"

"वाजवला. पाटलाच्या माणसांनी बिगुल पायाखाली चेपला, तोवर वाजवला."

लेक गाडी चालवत होता. बत्त्यांचं नाव त्याने काढलं नाही.