अर्जदार तोच, गैरअर्जदारही तोच

स्वतःच्याच विरुद्ध अर्ज करणारा माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. शहापूरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स काढण्याचं आणि अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे. भांडणारे भाऊबंद, रुसलेल्या सुना, हरवलेली रेशनकार्डं, सगळं माझ्या हाताखालून गेलंय, त्यामुळे मी सहसा गोंधळत नाही. अपवाद फक्त शेणव्याच्या पलीकडे, रानाच्या कडेच्या ठाकरवाडीतून येणाऱ्या या म्हाताऱ्याचा. सगळे त्याला बाबा म्हणतात, मीही म्हणते. तो मला ‘बाय’ म्हणतो, आणि दुकानाच्या बाकावर असा ऐसपैस बसतो की नव्या गिऱ्हाइकाला तोच मालक वाटतो.

अर्ज लिहून झाला की बाबा तो दोनदा वाचायला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. रेशनच्या अर्जात मी आपलं नेहमीप्रमाणे ‘मी अत्यंत गरीब असून’ लिहिलं, तर यानं डोळे उघडले. “अत्यंत काड गो. माज्यापरीस गरीब आमच्या वाडीत दोघं हायेत. त्यांनी मंग काय लिवायचं?” काढलं बाई. दुसऱ्यांदा वाडीतली लाइट गेली म्हणून तक्रार लिहून नेली, आणि चार दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. “लाइट आली, असा येक अर्ज लिव.” अहो, आली तर आली, तिचा अर्ज कसला? तर म्हणे, “तो साहेब तिकडं आमच्या काळजीत बसला असंल ना!” त्या साहेबाला काळजी असती तर आणखी काय हवं होतं! पण मी लिहिला. वीज कचेरीतल्या आवक रजिस्टरवाल्या बाईंना तो कुठल्या रकान्यात घालावा ते कळेना, म्हणून त्यांनी मला फोन केला. मला तरी कुठे कळत होतं? या सगळ्याचा मेहनताना म्हणून बाबा ऋतुमानाप्रमाणे शेवळं नाहीतर करटोली अशी रानभाजी आणून टेबलावर ओततो, आणि माझ्या कागदांना दिवसभर रानाचा वास येतो.

अशा या सत्यवचनी माणसाला एकच खोड आहे. खाकी कपडा दिसला रे दिसला की याच्या तोंडून निघतं, “मी नाय.” त्याच्या लहानपणी रानात नाचणी पेरणाऱ्याला जंगलखात्याची माणसं धरायची, म्हणून बापानं सगळ्या पोरांना हे दोन शब्द पाठ करून घेतले होते. बाप गेला, शब्द राहिले. एसटीत कंडक्टर येतो, “शेणव्याचं तिकीट कोणाचं राहिलंय?” म्हणून विचारतो, आणि बाबा खिडकीबाहेर बघत म्हणतो, “मी नाय.” मग शेजारचे हसतात, आणि तो खजील होऊन कनवटीचे पैसे काढतो.

आता वनहक्काचं प्रकरण. पिढ्यान्‌पिढ्या रानातली जमीन कसणाऱ्या आदिवासींना ती त्यांच्या नावावर करून देणारा कायदा झाला, आणि बाबानं दावा टाकला. पुरावा काय, तर त्याच्या बापाला त्या जमिनीपायी झालेल्या दंडाची एक पिवळी पडलेली पावती. बाबा ती दाखवायलाच तयार नव्हता, घराण्याची बदनामी म्हणून लपवून ठेवलेली. मी म्हटलं, “अरे बाबा, दंड झाला म्हणजे तुझा बाप तिथे कसत होता, हे सरकारनंच लिहून दिलंय!” त्यानं पावती उजेडात धरली. “म्हंजे तवा जी चोरी व्हती, ती आता मालकी?” असंच काहीतरी, मी म्हटलं. “मंग भिऊन ज्यांनी रान सोडलं, चोरी केलीच नाय, त्यांना काय?” मी झेरॉक्स मशीन उगाचच उघडून बंद केलं.

दावा मंजुरीला लागला. बाबा नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, वाच. मी चतुःसीमा वाचल्या: पूर्वेला ऐनाचं झाड, पश्चिमेला ओहोळ. बाबा ताडकन उभा राहिला. “ओहळ? माजं तर मोठ्या दगडाशी सपतं. दगड ते ओहळ भावजयचा तुकडा हाय!” ही भावजय म्हणजे त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. तिचा दावा पुरावा नाही म्हणून परत आला होता, आणि तिचं रान बाबाच्या नकाशात जाऊन बसलं होतं. मोजणीच्या वेळी पुढे पुढे करणारा, फाईल स्वतःच्या मोटरसायकलवरून फिरवणारा एक गृहस्थ होता, तो फार्महाऊसवाल्यांना जमिनी दाखवत हिंडायचा. ओहोळाच्या पलीकडून डांबरी रस्ता जातो, म्हणून त्यानंच बाबाची हद्द तिथपर्यंत ओढून घेतली होती. वनहक्काची जमीन विकता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून त्यानं बाबाचा अंगठा आधीच कोऱ्या स्टँपपेपरवर घेऊन ठेवला होता. बाबाला वाटलं, तोही दाव्याचाच कागद.

“लिव,” बाबा म्हणाला. “माज्या दाव्यात लबाडी झाली.”

मी पेन खाली ठेवलं. खरं सांगते, मला भीती वाटली. दाव्यात खोटेपणा आहे असं स्वतःच लिहून दिलं तर सबंध दावाच बाद व्हायचा, आणि आयुष्यभर कसलेलं रान हातचं जायचं. मी त्याला समजावलं: गप्प बस, कागद घे, मग तिचा तुकडा तिला कसू दे, कोण अडवतंय?

“आनि मी मेल्यावर?”

“तुझी पोरं देतील की.”

“पोरं वंगाळ नायत गो. पन कागद वंगाळ आसतो. तो पोरांना वंगाळ करतो.”

लिहिला अर्ज. कचेरीत तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. अर्जदार कोण? हा. गैरव्यवहार कोणाच्या दाव्यात? ह्याच्याच. फायदा कोणाला? यालाच. “मग याची तक्रार काय आहे?” असं तिसऱ्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी मलाच विचारलं. गैरप्रकार उघडकीला आणणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा आहे, असं मी कुठेसं वाचलं होतं, ते सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, “याला कोणापासून संरक्षण देऊ? याच्यापासूनच?” तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतात म्हणे, असं मी बाबाला सांगितलं, तर तो रागावला. “गुप्त कशाला? भावजयला कळाया नको, कोनी केलं त्ये?” मोटरसायकलवाले गृहस्थही दुकानात येऊन गेले. “म्हातारा येडा झालाय, ताई. तुमी कशाला नादी लागता?” मी त्यांना म्हटलं, स्टँपपेपरची झेरॉक्स हवी असेल तर आणून द्या, फुकट काढून देते. ते पुन्हा आले नाहीत.

फेरपाहणीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेले. समितीची माणसं होती, वाडी जमली होती, आणि वनरक्षक होता, कोवळा पोरगा, पण अंगात कडक इस्त्रीची खाकी. त्यानं मोठ्या दगडाच्या अलीकडे बोट दाखवून अगदी अदबीनं विचारलं, “आजोबा, ही जमीन कोण कसतं?”

“मी नाय,” बाबा म्हणाला.

वनरक्षकानं तेवढंच कागदावर उतरवलं. मी कपाळावर हात मारला. बाबाचं तोंड उघडंच राहिलं, शब्द परत घ्यायचे होते पण ते येईनात. तेवढ्यात भावजय पदर खोचून पुढे झाली. “दादा खोटं बोलतोय, साहेब! उभ्या जन्मात आत्ताच बोलला. दगडाच्या हिकडं तो कसतो, तिकडं मी. लिवा माजं.” तिनं बाबाची साक्ष दिली, मग बाबानं तिची दिली, आणि बापाची ती एक पावती दोन्ही घरांच्या दाव्यांना जोडली गेली. कोण कोणाची तक्रार करतंय आणि कोण कोणाला वाचवतंय, ते समितीला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघांचंही लिहिलं गेलं एवढं खरं.

भावजयचा कागद आला. बाबाची फाईल अजून अडकलीय, कारण जबाबाची पहिली ओळ ‘मी नाय’ आहे आणि ‘तो कसतो’ ही खालची ओळ भावजयची आहे. भावजयच्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढायला मात्र बाबाच आला. कागद त्यानं दोन्ही तळहातांवर धरला होता, ओल्या अंगाचं पिल्लू धरावं तसा. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. म्हटलं, “तिचं झालं, तुझं काय रे?” तो म्हणाला, “माजं व्हईल. नायतर दगडाच्या हिकडंबी तिलाच कसाया सांगीन.” मग जरा थांबून म्हणाला, “फेर जबाब घेतील का गो?” मी म्हटलं घेतील. घेतील का, देव जाणे. त्याचं वय आता चढतीचं नाही.

त्या दिवसापासून तो माझ्या बाकावर बसून ओठ हलवत असतो. मी विचारत नाही. परवा संध्याकाळी त्याची एसटी लागली, खाकीतल्या कंडक्टरनं पायरीवरून हाक दिली, “शेणव्याला कोण आहे?” बाबा दुकानातून उठला, धोतर सावरलं, दोनदा घसा खाकरला. आणि रस्ता ओलांडता ओलांडता, सगळा स्टँड वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडला, “मी! मी हाय!”