गेमच्या यंत्रावरचे ढग

जपानच्या उत्तर टोकाच्या रेबुन बेटावर कोंबूचा हंगाम सुरू झाला की घराघरांत एकच प्रश्न असतो: आज झेंडा लागणार का?

कोंबू म्हणजे समुद्राच्या तळाशी वाढणारी लांबलचक पानं. पहाटे होड्या घालून ती काढायची आणि त्याच दिवशी गोट्यांच्या खळ्यावर उन्हात वाळवायची. मध्येच पाऊस आला की पानांवर पांढरे चट्टे उठतात, माल वाया जातो. म्हणून पहाटे तीनला गावचा झेंडेकरी आभाळ न्याहाळतो. त्यानं पांढरा झेंडा चढवला तरच होड्या निघतात.

उशितोमारी गावात हा मान झेंड्याच्या मंडळाचा प्रमुख गेन्जी त्सुशिमा याचा होता. वीस वर्षं त्याच्या शब्दाबाहेर एकही होडी गेली नव्हती.

तोमिए मिकामी मात्र खळ्यावरची बाई. वय अठ्ठावन्न, बांधा ठेंगणा, आवाज खणखणीत. नवरा किइची पोटाच्या दुखण्यानं गेला, तेव्हापासून ती दिराच्या होडीचा माल वाळवायची. पानं पसरायची, उलटायची, पुन्हा सरळ करायची. नवऱ्याच्या हयातीतले धरून चाळीस उन्हाळे तिनं ओणव्यानंच काढले होते. पण झेंड्याबद्दल खळ्यावरच्या बायकांना कुणी विचारत नसे.

"झेंडा पुरुषांचा, पाठदुखी आमची," ती म्हणायची आणि बायका हसायच्या.

तिचा मुलगा योशिहारू असाहिकावा शहरात कारखान्यात लागला. जाताना तो आपलं गेम खेळायचं यंत्र घरीच ठेवून गेला. त्याला मोडेम होता, सोबत टाइप करायचा कीबोर्डही होता.

"आई, फोनची तार याला जोडायची. टीव्हीवर माझी पत्रं येतील."

"आणि मी उत्तर कशानं लिहू? चिमट्यानं?"

"एका बोटानं लिही. मी थांबतो."

फोन होता दाराशी आणि टीव्ही आतल्या खोलीत. तोमिएनं लांब तार मागवली आणि स्वतः खिळे ठोकून ती भिंतीच्या कडेनं नेली. जोडणी होताना यंत्र किंचाळायचं, खरखरायचं. पहिल्या दिवशी तिनं घाबरून तारच उपटली होती. महिन्याभरात मात्र ती एका बोटानं पानभर लिहू लागली.

पत्रं वाचता वाचता एक दिवस तिला उपग्रहानं काढलेलं ढगांचं चित्र सापडलं. चित्र तासातासाला बदलायचं. ती टीव्हीसमोर बसूनच राहिली. मग खळ्यावर अंथरायचं पातळ प्लॅस्टिक कापून तिनं टीव्हीच्या काचेवर चिकटवलं, आणि दर तासाला ढगाची कड मेणाच्या खडूनं आखू लागली. दोन रेघांमधलं अंतर बोटांनी मोजलं की ढग किती वेगानं येतोय ते कळायचं. हिवाळाभर आणि वसंतभर ती रोज अंदाज लिहून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी खरा ठरला की नाही त्याची खूण करायची.

शेजारची सुमियो वैतागली. "अगं, तुझा फोन कधी लागतच नाही! एवढं बोलतेस तरी कुणाशी? कुणी म्हातारा गाठलास की काय?"

"गाठलाय ना. आभाळात राहतो. तासाला फोटो पाठवतो."

जुलै उजाडला. एका पहाटे चांदण्या लखलखत होत्या, होड्या सज्ज होत्या. तोमिएनं पडद्यावर पश्चिमेकडचा ढगांचा पट्टा पाहिला होता. ती तडक झेंड्याच्या खांबापाशी गेली.

"गेन्जीसान, नऊ-दहापर्यंत पाऊस येतोय. आज नको."

गेन्जीनं वर पाहिलं, मग तिच्याकडे. "कुणी सांगितलं?"

"घरी यंत्रावर बघितलं."

"ते पोरांचं गेमचं? त्यातली भुतं मारून झाली असतील तर खळ्यावर जा."

माणसं हसली. झेंडा चढला. साडेनऊला सरी कोसळल्या. बायका ओल्या पानांचे भारे कवटाळून छपराखाली धावल्या, पण निम्मा माल गेला. सुमियो तणतणत होती, "बोल ना त्याला! तू सांगितलं होतंस ना!"

"पावसानं सांगितलं की त्याला," तोमिए म्हणाली आणि पानं निथळत राहिली.

तीन दिवसांनी दाट धुकं पडलं. हाताचं बोट दिसेना. पहाटे तोमिएचं दार वाजलं. बाहेर गेन्जी उभा होता. त्यानं गमबूट काढले, आत आला आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसला.

"दाखव," तो म्हणाला.

तिनं रेघा दाखवल्या. बेटावर ढगाचा ठिपकाही नव्हता.

"मग हे बाहेरचं काय आहे? माझ्या म्हातारीची चादर?"

"ते खालचं धुकं. वर आभाळ कोरडं आहे."

"उठेल कधी?"

"हे यंत्र नाही सांगत, मी सांगते. दक्षिणेचं वारं पडलंय. ऊन चढलं की सातपर्यंत विरेल."

गेन्जीनं तिनं दिलेला चहा संपवला आणि उठला. त्या दिवशी धुक्यात झेंडा लागला तो दिसेना, म्हणून पोरीबाळी घरोघर ओरडत गेल्या. काही म्हाताऱ्यांनी गेन्जीला वेड्यात काढलं. सातला पाच मिनिटं असताना खळ्यावर ऊन पडलं, आणि संध्याकाळी पानं चामड्यासारखी कडक वाळली. शेजारच्या तिन्ही गावांनी तो दिवस घालवला होता.

तेव्हापासून गेन्जी रोज पहाटे तिच्याकडे येऊ लागला. भाताचे मुटके बरोबर आणायचा.

ती कधी चुकलीच नाही असं नाही. ऑगस्टमध्ये तिनं ऊन सांगितलं आणि दुपारी भलत्याच ढगानं खळी भिजवली. तोमिएनं तोंड लपवलं नाही. संध्याकाळी घरोघर जाऊन कमरेत वाकून माफी मागितली. तिसऱ्या घरी गेन्जी मागून धापा टाकत आला.

"तू कशाला वाकतेस? दोरी माझ्या हातात होती."

"अंदाज माझा होता."

"मग दोघं वाकू. माझी कंबर आधीच वाकलेली आहे." उरलेली घरं दोघांनी मिळून केली.

शरदात मच्छीमार संघाची सभा भरली. गेन्जीनं उठून सांगितलं की झेंड्याच्या मंडळात तोमिए मिकामी पाहिजे. कुणीतरी मागून कुरकुरलं, "मंडळात बाई कधी नव्हती."

"मंडळात उपग्रह तरी कधी होता?" गेन्जी म्हणाला. "तुला रेघा आखता येत असतील तर तू ये."

हात वर झाले. तोमिए उभी राहिली. चेहरा लाल झाला होता, पण आवाज तोच खणखणीत. "माझं नाव हवामानासमोर लिहा. चहापाण्यासमोर नको."

पुढल्या उन्हाळ्यात योशिहारू पितरांच्या सणाला घरी आला. धक्क्यावर होडीचा दोर बांधणाऱ्या अनोळखी माणसानं त्याला निरखलं. आजवर सगळे त्याला किइचीचा पोरगा म्हणूनच ओळखत.

"तू झेंड्याच्या मिकामीबाईंचा मुलगा ना?" तो म्हणाला आणि त्यानं स्वतः पुढे होऊन योशिहारूची बॅग उचलली. "चल, मी सोडतो. आणि घरी गेल्यावर विचार हं, उद्या कसं आहे ते."

योशिहारूनं छाती फुगवून सांगितलं, "हो, तिचाच."